अझीझियात शिरलेलं पांढरं घुबड

आमच्या घरी आजवर एकच साहेब जेवायला आला, आणि तोही न जेवता गेला.

दोहात तेव्हा फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. स्टेडियममध्ये धुराचे अलार्म बसवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर. काम संपत आलेलं, निम्मी माणसं मायदेशी पाठवणार, आणि कुणाला ठेवायचं ते ठरवणार नवा साहेब लुक. मला धडकीच भरली होती. लेक रेवाची शाळा अर्ध्यावर, बायको अनघाचं बस्तान आत्ता कुठे बसलेलं! साहेब फ्रेंच बोलतो एवढं कळताच मी त्याला अल अझीझियातल्या आमच्या कंपनीच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. (गोऱ्या साहेबाला पुरणपोळी घातली की काँट्रॅक्ट वाढतं, अशी आम्हा मराठी इंजिनिअरांची श्रद्धा आहे.) दुकानांत सगळ्या देशांचे झेंडे लटकत होतेच. मी फ्रान्सचे उचलले आणि दारापासून डायनिंग टेबलापर्यंत तोरण बांधलं.

संध्याकाळी लुक आला आणि दारातच थबकला.

"मी फ्रान्सचा नाही. क्युबेकचा."

"हो का? ते फ्रान्सच्या कुठल्या भागात येतं, सर?" मी अदबीने विचारलं.

"कॅनडाच्या!"

मग माझी शिकवणी सुरू झाली. क्युबेकचा झेंडा निळा, त्यावर पांढरा क्रूस आणि चार पांढरी लिलीची फुलं. प्रांताचं फूल निळं आयरिस. प्रांताचं झाड पिवळा बर्च. प्रत्येक नाव घेताना साहेबाचा हात छातीवर जात होता आणि मी "वा! वा!" करत होतो. (बर्च म्हणजे काय, हे मला अजूनही माहीत नाही.)

"अहो, माना डोलावणं पुरे, आधी ते झेंडे उतरवा," अनघा माझ्या कानात फिसकारली.

मी स्टुलावर चढलो, तोवर साहेबाने सोबत आणलेला खोका उघडला. "आणि हा आमच्या प्रांताचा पक्षी! भेट!" चिनीमातीचं पांढरंशुभ्र घुबड त्याने रेवाच्या हातात ठेवलं. नेमकी त्याच वेळी नाशिकहून आलेली माझी आई देवापुढे दिवा लावून बाहेर आली.

"अगंबाई! तिन्हीसांजेला घुबड! पोरीच्या हातात! कुठल्या मेल्यानं आणलं?"

"आजी काय म्हणतात?" साहेबाने कौतुकाने विचारलं.

रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. त्यात शाळेने खरं बोलायला शिकवलेलं! "घुबडामुळे घरात माणूस मरतो. आणि ज्याने आणलं तो मेलेलाच आहे," तिने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं.

"नो नो सर! लक्ष्मीचं वाहन! व्हेरी लकी!" मी स्टुलावरून ओरडलो.

"लक्ष्मी कमळावर बसते. घुबडावर बसून येते ती अवदसा," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरातून मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन आली. रेवावरून ओवाळल्या, घुबडावरून ओवाळल्या, साहेबावरूनही ओवाळल्या. (त्याला हा पाहुणचार वाटला. त्याने मान झुकवली.) मग सगळं तापलेल्या तव्यावर!

घरभर धूर झाला. साहेब लालबुंद होऊन खोकू लागला.

"यल्ला, यल्ला, चला लवकर, खिडक्या उघडा!" मी ओरडलो.

"ठसका लागला ना? म्हणजे दृष्ट नव्हतीच," आई समाधानाने म्हणाली.

साहेबाने डोळे पुसले आणि छताकडे पाहिलं. "एवढा धूर... मग अलार्म का वाजत नाही?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. अलार्मवर अनघाची गुलाबी शॉवर कॅप होती, रबरबँड लावून घट्ट बसवलेली. रोज फोडणी पडली की बोंबलायचा, म्हणून मीच चढवली होती. आत धुराचा कणसुद्धा शिरत नव्हता. मी काम करतो ते पक्कं करतो!

साहेब उठला. पुरणपोळी ताटातच राहिली.

"आमच्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेटवर एक वाक्य असतं," दारात वळून तो म्हणाला. "'मला आठवतं.'" आणि लिफ्टमध्ये शिरला.

खलास! मी बॅगा काढल्या. पण आठवड्याने त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क ठेवून घेतलं. काम एकच: कंपनीच्या फ्लॅटांत घरोघर जाऊन अलार्मवर चढवलेल्या पिशव्या आणि टोप्या उतरवायच्या.

"या विषयात तुझ्याइतका अनुभवी माणूस आपल्याकडे दुसरा नाही," साहेब म्हणाला.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची, असाही हुकूम होता. मी बेल वाजवली. आईने दार उघडलं, माझ्या खांद्यावरची शिडी पाहिली आणि काळजीने म्हणाली, "एवढं इंजिनिअर केलं तुला, आणि शेवटी रंगारी झालास का रे?"