थिजलेलं खोबरेल

जानेवारीतल्या एका दुपारी एक जोडपं दोन वर्षांच्या मुलाला उचलून आमच्या इमर्जन्सीत धावत आलं. मूल ताठ झालं होतं, डोळे वर, ओठ निळसर. बाप हवाई दलात. बदली होऊन उत्तरेत, इथल्या विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीत राहायला येऊन दोन महिनेही झाले नव्हते. आई हिंदीत सांगू पाहत होती, पण शब्द सापडेनात, मधेच मराठी येई.

"मराठीत बोला," मी म्हटलं.

"गाडीत एकदा फिट आली. ही दुसरी."

ताप नव्हता. रक्तातली साखर ठीक होती. शिरेतून औषध दिल्यावर फिट थांबली. मुलाच्या अंगाला कापराचा घमघमाट येत होता.

"सर्दीये, म्हणून खोबरेलात कापूर घालून सकाळी छातीला चोळला," आई म्हणाली.

मी मान हलवली, सिस्टरलाही हिंदीत तेच सांगितलं. लहानपणी मलाही तेच चोळत. वासाचा विषय माझ्यापुरता संपला आणि मी मेंदूज्वराच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

दहा मिनिटांत तिसरी फिट. त्यातच मूल ओकलं. सिस्टरने त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मैडम जी, उल्टी में भी वही बास है. ये छाती वाली नहीं है."

कापूर पोटात गेला की थोड्याच वेळात फिट येते, श्वास थांबू शकतो, आणि त्यावर उतारा नाही.

"शेवटचं काय खाल्लं याने?"

"वरणभात. यांनी भरवला, मी आंघोळीला गेले होते."

"वर तूप?"

"तूप कालच संपलं."

"मग ओट्यावरच्या वाटीत पांढरं काय होतं?" बापाने विचारलं.

"अहो, ते कापराचं खोबरेल होतं," आई म्हणाली. दोघं रत्नागिरीकडची. तिकडे खोबरेल बहुतेक पातळच असतं. इथल्या थंडीत ते थिजून हुबेहूब तुपासारखं दिसतं.

"किती घातलंत?"

"दोन चमचे. तो तोंड फिरवत होता. मला वाटलं, नखरे करतोय."

"कापराच्या वड्या किती होत्या त्यात?"

"सहा-सात," आई पुटपुटली.

"मीठपाणी पाजा, ओकून टाकू दे सगळं!" बाप ओरडला.

"अजिबात नाही. छातीत जाईल. बाजूला व्हा."

औषधाचा आणखी एक डोस दिला, मग दुसरं औषध. फिट सुटली, पण श्वास उथळ झाला. घशात घालायची नळी उघडून ठेवली आणि मास्क धरून मी त्याच्या छातीकडे बघत उभी राहिले. प्रत्येक श्वासानंतर वाटे, पुढचा येईल ना?

नळी घालावी लागली नाही. चार वाजता त्याने डोळे उघडले. आईला ओळखायला त्याला बराच वेळ लागला. मग तो घोगऱ्या आवाजात रडला.

बाप माझ्यामागून बाहेर आला.

"डॉक्टर, वास तुम्हाला आधीच आला होता ना?"

"आला होता. मी तो छातीचा समजले."

काय म्हणेल, याची मला धास्ती वाटत होती. त्याने भिंतीला पाठ टेकली.

"माझं नाक बंद होतं," तो म्हणाला. "भरवताना मला काहीच वास आला नाही."