घुमटाखालची कोरडी प्रयोगशाळा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की चष्मा पुसत बसायचो, नाहीतर उठून जायचो. गेल्या महिन्यात अकोल्याहून नामदेव खंडारे गेल्याचा निरोप आला. काविळीचं निमित्त झालं. चाळिशीसुद्धा धड ओलांडली नव्हती त्यांनी. आमच्या अमरावतीच्या कॉलेजानं लगोलग शोकसभा ठेवली. ज्या संस्थेनं त्यांना बाहेर काढलं तिनंच त्यांच्या फोटोला हार घातला, आणि निवृत्त उपप्राचार्य म्हणून मुख्य भाषण माझं. व्यासंगी, विद्यार्थिप्रिय, निगर्वी... मी बोलत गेलो, लोक माना डोलावत गेले. घरी आलो तेव्हा स्वतःची किळस आली होती.

खंडारे वलगावचे. धर्मांतरानंतरच्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, ते आमच्याकडे रसायनशास्त्राचे तात्पुरते व्याख्याते म्हणून लागले. फळ्यापुढे पुस्तकी मराठी बोलत, आणि व्हरांड्यात मुलांशी अस्सल वऱ्हाडी. "हात ओले केल्याबिगर केमिस्ट्री येत नाही रे बाप्पा, पोथी वाचून राहिले का तुमी?" असं एकदा ते ओरडले, तेव्हा स्टाफरूममधल्या अर्ध्या लोकांनी नाकं मुरडली. मला मात्र हा माणूस आवडायचा. संध्याकाळी आम्ही बडनेरा रस्त्यानं फिरायला जात असू. जूनमध्ये त्यांना कायम करायचं ठरल्यातच जमा होतं. शिफारस माझीच होती.

त्या दिवसांत देश उभारण्याची भाषा सगळ्यांच्या तोंडी होती. आमच्या संस्थेच्या तोंडी जरा जास्तच, कारण तिला इमारत हवी होती. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पेशानं वकील. त्यांनी नारायणशेठ नावाचे दाते शोधून काढले. शेठ मूळचे अकोल्याचे, तरुणपणी मोंबासाला गेले आणि तिकडे कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात मोठे झाले. आपल्या भागातल्या पोरांनी विज्ञान शिकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रयोगशाळेची इमारत त्यांनी देऊ केली, आणि आमच्या थोर मंडळींनी तिच्यावर घुमट चढवला. घुमटाखाली शेठजींच्या वडिलांचा अर्धपुतळा, संगमरवरी जिना, दारावर दोन सिंह. सिंहांचा रसायनशास्त्राशी काय संबंध, ते कोणी विचारलं नाही. खंडारेंनी विचारलं ते पाण्याचं. रस्त्यापासून पाइप टाकायचाच राहिला होता.

तात्यासाहेब म्हणाले, "अहो, पाइप जमिनीखाली जातो. तो कोणाला दिसतो? घुमट बडनेऱ्याहून दिसतो."

बांधकामाची कमिटी हसली. मीही हसलो.

पुढचा विनोद याहून वरचा. फीत कापणं आता जुनं झालं, विज्ञानाला शोभेलसं उद्घाटन हवं, म्हणून शेठजींच्या हस्ते नळ सोडायचा, असा घाट तात्यासाहेबांनी घातला. त्यासाठी छतावर टाकी बसवली आणि सकाळपासून वसतिगृहाच्या मुलांना विहिरीवरून बादल्या वाहायला लावलं. देखरेख माझी. विषय समजून न घेता विज्ञानाचा सोहळा करायचा, ही आमच्या सुशिक्षितांची कला तेव्हापासून चांगली बहरली आहे.

शेठजींनी नळ फिरवला. पाणी आलं, टाळ्या पडल्या, सनई सुरू झाली. माणूस इतका हरखला की नळ बंदच करेना. हात धुतले, तोंड धुतलं, मग ओंजळ भरून डोळ्यांना लावली. आणि धार बारीक होत होत थांबली.

"काहून गा? बंद काहून झालं?" शेठजींनी विचारलं. इतकी वर्षं आफ्रिकेत काढूनही बोली तीच होती.

मागून खंडारे पुढे आले. "टाकीतलं सरलं, शेठजी. पोरायनं बादल्यांनी भरली होती. लाइन टाकलीच नाही. तुमी एक शब्द टाका, म्हणजे पोरं इथं प्रयोग करतीन. नाहीतर पुतळ्याले हार घालत बसू आमी."

शेठजी रागावले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा. हे खरं हाय का?"

हो म्हणालो असतो तर त्यांनी तिथेच पाइपाची व्यवस्था केली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. तात्यासाहेब माझ्याकडे रोखून पाहत होते. मी म्हणालो, "नाही, शेठजी. आज नगरपालिकेचं पाणी बंद आहे. आणि हे खंडारे... नव्यानं बौद्ध झालेत. दुसऱ्यानं काही चांगलं केलं की या लोकांना खुपतं."

खंडारेंनी माझ्याकडे पाहिलं. शेठजींनी मान हलवली आणि सगळे पेढ्यांकडे वळले.

तात्यासाहेबांचा मला राग आहे, पण ते निदान आपल्या मूर्खपणावर मनापासून खूश होते. मला सगळं समजत होतं. 'या लोकांना' हा शब्द मला कोणी शिकवला नव्हता. तो तयारच होता आत, फिरायला जातानाही असणार. जूनमध्ये खंडारेंना कायम केलं नाही. संस्थेशी जुळवून घेत नाहीत, हे कारण. मी बैठकीला हजर होतो.

ते अकोल्याला एका शाळेत लागले. निवृत्तीनंतर एकदा मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नीनं चहा केला, आग्रहानं जेवायला बसवलं. खंडारे शाळेतल्या मुलांबद्दल भरभरून बोलले. जुना विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. परतताना ते मोटारस्टँडपर्यंत सोडायला आले.

"सर, लॅबमध्ये पाणी आलं का?"

"आलं. मागच्या वर्षी."

"बरं झालं," ते म्हणाले. खरोखरच खूश झाले होते. मग म्हणाले, "तुम्ही एवढ्या उन्हात आलात... काही बोलायचं होतं का?"

ड्रायव्हर चढला होता. अजून वेळ होता. माणूस समोर उभा होता, वाट बघत.

"नाही, सहजच आलो होतो," मी म्हणालो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून एवढंच म्हटलं, "तब्येतीला जपा."