जुन्या फ्रिक्वेन्सीवरचा माणूस

महादेवराव नाचणगावचे. घरची शेती भावांना सोडून ते पोलीस खात्याच्या बिनतारी यंत्रावर लागले, तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. पुढे प्रांताची वाटणी झाली, वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि जिल्ह्यातल्या पोलीस यंत्रांना नवी फ्रिक्वेन्सी मिळाली. महादेवरावांच्या अल्लीपूरच्या चौकीतही नवे क्रिस्टल आले. गारगोटीच्या स्फटिकाची ही एवढीशी चकती यंत्रात जी बसवावी, तिच्याच फ्रिक्वेन्सीवर ते बोलणार. ऐकायचे मात्र कुठलेही ऐकता येई. जुने क्रिस्टल परत पाठवायचे होते. ते खणात तसेच राहिले.

खंडेनवमीला चौकीतल्या बंदुकांची पूजा झाली. बिनतारी यंत्र जड, ते पाटावर कसे ठेवणार? महादेवरावांनी त्याचे नवे क्रिस्टलच काढून पाटावर ठेवले. त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईने, बंदुकांबरोबर त्यालाही तेल लावले, हळदकुंकू वाहिले. संध्याकाळी महादेवराव ते उघडून धोतराच्या सोग्याने पुसू लागले आणि चकतीला तडा गेला. दुसरे मागवायचे तर आधी हे कसे फुटले ते सांगावे लागणार. आज कळवू, उद्या कळवू म्हणत चार दिवस गेले.

मग परतीचा पाऊस कोसळला. यशोदा दोन्ही काठ सोडून वाहू लागली, हिंगणघाटचा रस्ता पाण्याखाली गेला. पलीकडे कापूस वेचायला गेलेल्या बाया नदीच्या वळणावरच्या देवळात अडकल्या. देवळाचा उंचवटा सकाळी मोठा दिसत होता, दुपारी त्याच्या पायऱ्या बुडाल्या. चौकीतला शिपाई तानबा याची बायको मनकर्णा त्या बायांतच होती. नाव होती ती वर्ध्याला.

महादेवरावांनी कान लावला. नव्या फ्रिक्वेन्सीवर वर्धा स्पष्ट ऐकू येत होती. "अल्लीपूर, उत्तर द्या. अल्लीपूर, उत्तर द्या." उत्तर द्यायला क्रिस्टल नव्हते.

त्यांनी जुने बसवले.

"थ्या जुन्यावर कोन ऐकून राह्यलं आता?" कोकिळाबाई दारातून म्हणाल्या. भाकरीचे फडके त्यांच्या हातात तसेच होते.

"मले का मालूम?"

"मंग बोलता काऊन?"

"बोललोच नाई तर कोन ऐकन?"

तानबा विजेच्या यंत्राचा दांडा फिरवत होता. त्याच्या हातावर फोड आले होते. "भाऊ, तुमी ठोकत राहा," तो म्हणाला, "मी काई थांबत नाई."

महादेवरावांचे बोट मोर्सच्या चावीवर चालू लागले. कट्ट, कडकट्ट. अल्लीपूर बोलतो. पूर. देवळात बाया. नाव पाठवा. थांबून ऐकायचे. नुसती खरखर. पुन्हा तेच, त्याच शांत लयीत. घाई केली की अक्षरे बिघडतात, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मध्येच वर्ध्याची हाक ऐकायला ते वळत, आणि ती हाक ऐकून पुन्हा जुन्यावर येत. कोकिळाबाईंनी फडके ठेवले, पदर खोचला आणि दांड्याची दुसरी बाजू धरली.

"सरक रे तानबा. माह्याच हातानं पूजा झाली ना, मंग थोडं मीबी फिरवतो."

पाणी देवळाच्या जोत्याला लागले होते, तेव्हा खरखरीतून कोणीतरी बोलले. आधी पुसट, मग स्वच्छ.

"बैतूलहून केशव. महादेव, तूच ना? तू तर मुंबईवाला झाला! इकडं कशाले?"

केशव त्यांच्याबरोबर नागपूरला बिनतारी शिकलेला, त्यांच्या बोटाची लय ओळखणारा. वाटणीत बैतूल मध्य प्रदेशात राहिले आणि तिथल्या यंत्रांवर जुनीच फ्रिक्वेन्सी चालू होती. महादेवरावांना हसू आले. डोळेही पुसावे लागले. पण बोट थांबले नाही. मस्करी नंतर, केशव. नाव पाहिजे. लिहून घे.

केशवने ते तारेने नागपूरला कळवले, नागपूरने वर्ध्याला. थोड्या वेळाने नव्या फ्रिक्वेन्सीवर वर्धा बोलली, "अल्लीपूर, बैतूलमार्फत संदेश मिळाला. नाव निघाली."

उजेड असतानाच नाव देवळाला लागली. सगळ्या बाया आल्या. मनकर्णा शेवटी उतरली, कापसाचे ओझे डोक्यावरच.

"फेकून द्याचं व्हतं ना थे!" तानबा ओरडला.

"काऊन फेकू? दिसभर वेचला!"

चार दिवसांनी वर्ध्याहून साहेब नावेने आले. क्रिस्टल कसे फुटले, ते महादेवरावांनी न विचारताच सांगितले. त्याची शिक्षा म्हणून पगारवाढ अडली. मग साहेबांनी जुने क्रिस्टल मागितले. "ती फ्रिक्वेन्सी आता दुसऱ्या राज्याची. तिच्यावर आपण बोलायचं नाही."

"बरोबर आहे, साहेब."

"मग काढून द्या."

महादेवराव यंत्रासमोरून उठले नाहीत. "नवीन आलं का, बसवून वर्ध्याशी बोलून पाह्यतो. मंगच हे काढीन. नदी अजून उतरली नाई."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. गढूळ पाणी अजून रस्त्यावर होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मग तुमच्या त्या केशवला सांगा, नवं क्रिस्टल उद्याच्या उद्या पाठवा म्हणून वर्ध्याला कळव."