अख्खा सामना

अमिरातीतल्या फुजैराच्या स्टेडियममध्ये आम्ही नवरा-बायको फुटबॉल बघायला जातो. तिथे एक आयरिश बाई यायच्या. खुर्च्या बहुतेक रिकाम्याच असत, पण आधी बायकांच्या टॉयलेटमध्ये डोकावून आल्याशिवाय त्या बसत नसत. दर वेळी तेच. शेवटी मी विचारलंच.

त्या हसल्या. "आमच्या गावच्या मैदानावर बायकांसाठी सोयच नव्हती. मध्यंतराला आई समोरच्या घरी जायची. तिथली म्हातारी चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. आई परतेपर्यंत सामना संपलेला असायचा. प्रेक्षक मोजताना मात्र तिलाही पूर्ण एक धरायचे."

"आणि आता?"

"गेल्या वर्षी टॉयलेट बांधलं. आईने सत्तरीत पहिल्यांदा अख्खा सामना पाहिला. आमचा संघ अगदी शेवटी हरला. मी फोनवर म्हटलं, वाईट झालं गं. तर म्हणते, वाईट कसलं? आजवर शेवट मला तुम्ही सांगायचात. आज माझा मी पाहिला."

त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या आईला मात्र एकदा भेटावंसं वाटतं.