बिनदातांचं बकेट

हाजींच्या बागेतला पाट मला सापडला होता. पहिल्याच दिवशी, पहिल्याच खड्ड्यात. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शुक्रवारी जमणाऱ्या आपल्या मंडळींना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या हाजींना तर नाहीच. त्यांना मी एवढंच म्हणालो, "मफी." बहरीनमध्ये 'नाही' म्हणायला हा एक शब्द पुरतो.

माझ्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे. पुढे माती उचलायचं बकेट, मागे खोदायचा हात. खुर्ची उलटी फिरवली की ड्रायव्हरचा ऑपरेटर होतो. अस्कर गावाजवळच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. ती नोकरी सुटली त्याच सुमारास मुलीच्या कॉलेजसाठी ती आणि बायको चिपळूणला परत गेल्या. मीही जायचं असं ठरत होतं, तेवढ्यात बंद पडलेल्या एका नर्सरीत हा ट्रॅक्टर धूळ खात उभा दिसला. इथल्या खजुराच्या जुन्या बागांमध्ये झाडं इतकी जवळ जवळ असतात की मोठं मशीन आत शिरत नाही. हा शिरतो. म्हटलं, वर्षभर करून बघू. त्याला आता बरीच वर्षं झाली.

मग एकेक जोडसामान घेत गेलो. रोपांसाठी गोल खड्डे पाडायचा ऑगर, लेव्हलिंगची पाती, पॅलेट उचलायचे काटे, कडक जमीन फोडायचा एकच मोठा दात. हिद्दला भाड्याच्या आवारात ते सगळं ताडपत्रीखाली रांगेत ठेवलेलं असतं. गरज होती म्हणून घेतलं असं मी सांगतो. बायको फोनवर "जेवलात का?" झालं की लगेच विचारायची, "आणि त्या माझ्या सवतीला काय घेतलंत या महिन्यात?"

"काटे घेतले."

"मला साडी घेताना एवढा वेळ दुकानात उभे राहिला नाहीत कधी."

मागून मुलगी म्हणायची, "इट्स हिज टॉय, आई." आणि दोघी हसायच्या. ते हसणं मला आवडायचं. फोन ठेवला की खोलीवर जायच्या ऐवजी मी आवारात जायचो आणि ज्या पिनांना ग्रीसची गरज नाही त्यांनाही ग्रीस लावत बसायचो.

हाजींनी मला शेजारच्या बागेत काम करताना पाहिलं. वयस्कर माणूस, हातात काठी, अंगात स्वच्छ पांढरा झगा. झाडांमधून ट्रॅक्टर कसा वळतो ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "तुम मुहंदिस?" म्हणजे इंजिनियर. मी म्हटलं, नाही हाजी, साधा मेकॅनिक. "खलास, आज से मुहंदिस," म्हणाले. तेव्हापासून तेच नाव पडलं.

त्यांचं काम वेगळं होतं. त्यांच्या लहानपणी झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी पाटातून बागेत यायचं. दरवर्षी त्यांचे वडील आत उतरायचे, गाळ काढायचे आणि हाताने चुना लिंपायचे. पुढे झरा आटला, पाटावर वाळू चढली, वडील गेले. हाजींना तो पाट एकदा बघायचा होता. घाई होती ती मुलामुळे. मुलाला बागेत फरशी घालून, पोहण्याचा तलाव बांधून जागा सुट्टीसाठी भाड्याने द्यायची होती. पाट सापडला तर ती बाजू आहे तशी ठेवीन, नाही सापडला तर उन्हाळ्यात काम सुरू, असं त्याने बापाला कबूल केलं होतं. वाईट नव्हता तो, पण टोमणे मारायचा. "बाबांनी लहानपणी उंट उडतानाही पाहिला असेल," असं एकदा माझ्यासमोरच म्हणाला. हाजी म्हणाले, "देखा था. उस पे तुम बैठा था."

हाजींनी कसं खोदायचं तेही सांगितलं. वरचा कडक थर दातांच्या बकेटने. त्याखाली बिनदातांच्या, म्हणजे दगड लागला तर ओरखडा उठेल पण फुटणार नाही. शेवटी फावडं. माझ्याकडे तसं बकेट नव्हतं. मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी जुन्या बकेटचे दात कापून तिथे सरळ पट्टी वेल्ड करून घेतली. हाजींनी त्या धारेवरून बोट फिरवलं. "ये अच्छा. शुवय शुवय, मुहंदिस." हळू हळू.

त्या सकाळी त्यांनी दोन झाडांच्या मधली जागा काठीने दाखवली. मागचे दोन्ही जॅक, म्हणजे मशीनचे आधाराचे पाय, जमिनीला टेकवून मी वरचा थर काढला. जमीन दगडासारखी होती, पण निघाली. मग अजान झाली. हाजी म्हणाले, "मैं नमाज पढ़के आता. तुम बकेट बदलो, चाय पियो." मी बौद्ध आहे हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. ते गेले आणि बागेत मी एकटा राहिलो.

दोन पिना काढायच्या, बकेट उतरवायचं, दुसरं चढवायचं. परक्या लोकांच्या साध्या कामात मी हे निमूट करतो. तिथे केलं नाही. घाई नव्हती, आळसही नव्हता. इंजिन बंद केलं की जी शांतता होते ती मला सोसत नाही. ती खोलीत असते, आवारात असते, जेवताना असते. म्हटलं, चालू आहे तर अजून एक हात मारू.

आवाज काहीच आला नाही. लिव्हरमध्ये कळलं. दात कशात तरी अडकला, मी ओढला, आणि झाकणाचा दगड उलटा होऊन आत पडला. त्याच्यासोबत शेजारचाही, आणि एका बाजूची भिंतही.

मी खाली उतरलो. पाट कोरडा होता, गुडघाभर खोल. उरलेल्या भिंतीवर चुना होता आणि चुन्यात बोटं उमटलेली होती. आमच्याकडे सारवलेल्या ओट्यावर उमटतात तशीच, अर्धगोल, एकावर एक. मी त्यात माझी बोटं ठेवून पाहिली. ज्याचा कुणाचा तो हात होता, तो माझ्या हातापेक्षा मोठा होता.

पुढचं सगळं मी शुद्धीत केलं. जुनं बांधकाम निघालं की काम थांबवतात, मशीन जागेवर अडकून पडतं, असं लोकांकडून ऐकलं होतं. ट्रॅक्टरचे कागद दुसऱ्याच्या नावावर होते. या भीती खऱ्या होत्या, आणि आजवर मी मनाशी त्यांचीच सबब सांगत आलो. पण तेव्हा डोक्यात एकच होतं. या माणसाने मला एक गोष्ट सांगितली होती आणि ती मी केली नाही, हे त्याला दिसता कामा नये. ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटने माती लोटली, वरून दाबली, सपाट केली. मग बिनदातांचं बकेट चढवलं आणि शेजारी नवा खड्डा सुरू केला.

हाजी आले, बुजवलेल्या खड्ड्याकडे काठी केली. "मफी?"

"मफी."

"मफी मुश्किल," म्हणाले. हरकत नाही. "उधर देखेंगे."

तो सगळा हिवाळा आम्ही 'उधर' बघत राहिलो. दर आठवड्याला एक नवी जागा; पाट कुठल्या दिशेने जातो ते मी पाहिलं होतं, म्हणून त्यापासून दूरची जागा मीच सुचवायचो. हाजी खुर्ची टाकून बसायचे, संत्रं सोलायचे, अर्धं मला द्यायचे. मी मात्र आता बिनदातांनी, वीतवीत माती काढत, शेवटी फावड्याने खोदायचो. इतकी सुबक खोदाई मी आयुष्यात कधी केली नाही. ज्या जागी काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, त्या जागी.

शुक्रवारी आपली मंडळी एकाच्या घरी जमतात. बुद्धवंदना होते, जेवण होतं, मुलं इंग्रजीत भांडतात. वयाने मोठा म्हणून पंचशील मी म्हणायचो आणि बाकीचे मागून म्हणायचे. त्या हिवाळ्यात चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसायला लागला. एकजण म्हणाला, "काका, घशाला काय झालं? वाळू खाल्ली का?" सगळे हसले. मीही हसलो. मग काम आहे असं सांगून जायचं बंद केलं.

उन्हाळ्यात फाटकाकडच्या बाजूला फरशी आली, तलाव आला. हाजींनी हट्ट धरला म्हणून दोन झाडांची ती बाजू तेवढी राहिली. यंदा थंडी सुरू झाल्यावर मुलाने मला कुंपणालगत रोपांचे खड्डे पाडायला बोलावलं. मी हाजींची चौकशी केली. पायांनी साथ सोडली होती, घराबाहेर येत नव्हते. मुलगा म्हणाला, "आणि आता ते म्हणतात, पाट नव्हताच. दुसऱ्या कुणाच्या बागेत असेल, किंवा कुणी सांगितलेलं ऐकलं असेल." मग म्हणाला, "मी चेष्टा करत होतो, मला हे नको होतं."

मी आत भेटायला गेलो. हाजी भिंतीला टेकून बसले होते, बारीक झालेले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मुहंदिस, माफ करना. तुमको बहुत खोदाया. बूढ़े का दिमाग."

मी चहा प्यायलो. आणि म्हणालो, "मफी मुश्किल, हाजी."

त्यांनी माझी माफी मागितली, आणि मी ती त्यांना दिली.

उरलेल्या बाजूचीही फरशी आता ठरली आहे. हाजींनीच हो म्हटलं. दोन्ही झाडं अजून उभी आहेत. बिनदातांचं बकेट मी आज ट्रॅक्टरला चढवून ठेवलं आहे. जाईन का, हे इथे लिहून मला उगाच मोठं व्हायचं नाही. गेलो नाही तरी देणं तेवढंच राहतं.

हाजींना मी त्या दोन झाडांमधला एक खड्डा देणं लागतो, आणि त्याच्या काठाशी त्यांना बसवून सांगायचं एक वाक्य. पाट होता, हाजी; तो मी मोडला.