ओ न दिलेली हाक

गोवा घटक राज्य होऊन फार काळ झाला नव्हता. मी डिचोली पोलीस ठाण्यात फौजदार होतो. बेळगावकडची एक बाई सकाळीच येऊन बाकावर बसली. तिचा नवरा पाळी गावच्या खाणीवर मजूर. मुकादम म्हणत होता, तो गावी गेला.

"घोंगडं हितंच टाकून त्यो गावाला जायाचा न्हाई, सायेब," ती म्हणाली.

बेपत्ता व्यक्तीची नोंद घेऊन मी पाळी गाठली. मजुराची चौकशी करताना खाणीच्या बंद पडलेल्या जुन्या खड्ड्याचं नाव काढताच तिथला दुकानदार आवाज खाली करून म्हणाला, "सायबा, थंय वचूं नाकात. तिन्हीसांजेक देवचार हाक मारता. ओ दिवंची न्हय."

तिथे जाऊ नका, हाकेला ओ द्यायची नाही, असं तो बजावत होता. देवचार म्हणजे गावाच्या वेशीवरचा राखणदार. त्याला इकडे फार मानतात. हाक साऱ्या वाड्याने, म्हणजे खाणीलगतच्या वस्तीने, ऐकली होती, पण एकाच दिवशी. मजूर दिसेनासा झाला त्याच संध्याकाळी. आणि हाक देवचाराची, हे वाड्यावर येऊन सांगितलं मुकादमाने.

मुकादमाला ठाण्यात बोलावलं. माणूस बोलायला भलताच गोड. खोटं बोलणारा नको तेवढा तपशील देतो. याने तर मजूर बसमध्ये कुठल्या खिडकीशी बसला तेही सांगितलं. मी वाद घातला नाही. "उद्या तो खड्डा उपसतो," एवढंच म्हणून सोडून दिलं.

सकाळी पंचांना घेऊन गेलो, तर वाडा चिडीचूप. आदल्या तिन्हीसांजेपासून पुन्हा हाक येत होती म्हणे, आणि सगळे दारं लावून बसले होते. खड्ड्यात मुकादम छातीपर्यंत चिखलात रुतलेला. तोंड हलत होतं, पण रात्रभर ओरडून आवाज गेला होता. हाताशी मजुराचं फावडं होतं. पुरावा हलवायला तो आला होता.

आवाज परतल्यावर त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे सगळं कबूल केलं. चोरून खोदकाम करवताना दरड कोसळली. मजूर कमरेपर्यंत गाडला गेला आणि ओरडत राहिला. माणसं धावून आली असती तर चोरी उघड झाली असती, म्हणून त्याने देवचार उभा केला. मृतदेह तिथेच मिळाला.

वर्तमानपत्राने मथळा दिला, 'काव्यात्म न्याय'. हवालदाराने बाईला अर्थ सांगितला, "तुझ्या माणसाचं त्याने जे केलं, तेच त्याच्या वाट्याला आलं."

"म्हंजे माझ्या मालकाची हाक ऐकू येत हुती?" तिने विचारलं. "समद्यास्नी?"

मी हो म्हणालो. तिच्याशी खोटं बोलवेना.

'काव्यात्म न्याय' हे शब्द लांबून वाचणाऱ्यालाच बरे वाटतात, हे मी तेव्हा शिकलो. मुकादम निदान चिखलातून जिवंत निघाला आणि तुरुंगात गेला. पण दोन्ही वेळा दार लावून बसलेल्या त्या भल्या माणसांना कुठलं कलम लावायचं, हे मला उभ्या नोकरीत कळलं नाही.