धाकटीची जागा

कोरसमध्ये गाणाऱ्या त्या दोघी बहिणींना स्टुडिओत कोणी नावाने हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, संपलं. दोघींत माईक एकच. लांब सूर आला की अर्ध्यावर थोरली गुपचूप श्वास घेई, तेवढ्यात धाकटी सूर धरून ठेवी. पुढे धाकटी श्वास घेई तेव्हा थोरली धरी. ऐकणाऱ्याला वाटे, एकाच बाईचा एवढा दमसास.

"कष्ट माझे, वाहवा तुझी," धाकटी म्हणे.

"मग थोरली कशाला झाले?"

पुढे धाकटीला मज्जातंतूंचा आजार जडला. आधी जीभ जड झाली, मग गाणं गेलं. आता ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असे. दोन शब्द बोलली तरी धाप लागे. त्यावर औषध निघालेलंच नव्हतं.

त्याच आजारावरच्या संशोधनाला मदत म्हणून शहरातले गायक-वादक एक पैही न घेता एक गाणं करणार, हे कळताच थोरली बोलावण्याची वाट न बघता गेली. गाण्यात वरच्या पट्टीतला एक लांब सूर होता. "हा मी एकटी म्हणते," तिने सांगून टाकलं. धाकटीच्या जागी दुसरं कोणी नको, एवढंच तिच्या मनात होतं. देवापाशी मागणंही तेवढंच.

सवयीने ती माईकपाशी डाव्या हाताला जागा सोडून उभी राहिली.

"मावशी, मधून ट्रक जायचाय का?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सरका जरा."

एक चष्मेवाली गायिका त्या जागेत येऊन उभी राहिली. थोरलीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

सूर अर्ध्यावर तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथंच तुटला. दम संपला नव्हता, छाती भरलेली होती. पण ती जागा आली की आवाज आपोआप थांबे, श्वास आत जाई, आणि बाजूला सूर धरणारं कोणी नसे.

व्हायोलिनवाल्याने गज खाली ठेवला.

"मावशी," चष्मेवाली हळूच म्हणाली, "तुम्ही कुठे थांबता ते कळलंय मला. तेवढं धरू?"

"तिथं माझी बहीण असते."

"मग तिच्यासाठीच धरते."

धाकटी असती तर म्हणाली असती, गाणं माझ्यासाठी चाललंय की तुझ्या हट्टासाठी? थोरलीने होकाराची मान हलवली.

या वेळी सूर कुठे तुटला नाही. "झकास," रेकॉर्डिस्ट म्हणाला. थोरलीला मात्र भरल्या ताटावरून उठल्यासारखं झालं.

घरी येऊन तिने फोन धाकटीच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि गाणं लावलं. सूर अर्ध्यावर आला आणि धाकटीने मिटलेले डोळे उघडले.

"कोण... गं?"

"आहे एक चष्मेवाली. पोर चांगली आहे."

थोरलीला धाकटीकडे बघवेना.

"घाई... करते," शेवटी धाकटी म्हणाली.

"करतेच. तुझ्यासारखं कुठलं."

"शिकव... तिला." धाप ओसरल्यावर ती म्हणाली, "परत... लाव."

थोरलीने परत लावलं. ती जागा आली, तसे धाकटीचे ओठ विलग झाले. आवाज आला नाही. थोरलीने श्वास घेतला.